बाय टू कॉफी

रविवारी सकाळी आम्ही घराबाहेर पडलो की खालच्या मजल्यावरच्या बाई हमखास विचारतात, "गावाला निघालात?" त्यांचं काही चुकत नाही, सामानच तसं असतं. थोरलीची चाकांची खुर्ची, तिच्या पाठीमागे लावायची उशी, कपड्यांचा जास्तीचा जोड, टॉवेल, औषधं, पाण्याच्या बाटल्या, चपातीभाजीचा डबा, शिवाय धाकटीला ऐन वेळी आठवलेलं काहीतरी, जे कधीच उपयोगाला येत नाही. जायचं असतं राजाजीनगरहून लालबागेपर्यंत, तेही मेट्रोने, गाडी न बदलता. तरी दारात उभी राहून मी दर वेळी म्हणते, नको मेलं ते फिरणं. आणि दर वेळी जाते, कारण घरात बसवलेला रविवार थोरली आम्हाला आठवडाभर माफ करत नाही.

थोरली अकरा वर्षांची आहे. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि हातापायांवर तिचा नीट ताबा आलाच नाही. ती चालत नाही आणि तोंडाने शब्द बोलत नाही. कळतं मात्र सगळं, कधी कधी आम्हाला नको असतं तेवढंही. उजवा हात ती हळूहळू हवा तिथे नेऊ शकते, आणि राग आला की त्याच हाताने खुर्चीच्या दांड्यावर धपाधप मारते. धाकटी आठ वर्षांची. दोघींच्या वाट्याची बडबड देवाने तिलाच देऊन टाकली आहे.

मी मूळची पुण्याची. लग्न करून आले ती कित्येक पिढ्या इथे बंगळुरातच मुरलेल्या मराठी घरात. माझा नवरा एका छापखान्यात काम करतो आणि त्याच्या मराठीत कन्नड अशी कालवलेली आहे की कुठे एक संपते आणि कुठे दुसरी सुरू होते हे त्यालाही सांगता येणार नाही. "स्वल्प थांब", "सरी, निघू या", म्हणजे जरा थांब, बरं, निघू या, असं त्याचं चालतं. सुरुवातीला मी फार चिडवायची त्याला. सासूबाई तर त्याच्याही वर. एकदा मी थोरलीला उन्हाची टोपी घालायला गेले तर म्हणाल्या, "अय्यो, सोड की गं. पोरीला स्वल्प ऊन लागू दे." याच घराच्या रीतीने धाकटी बहिणीला अक्का म्हणते. मी 'ताई' म्हणायला शिकवून बघितलं. दोन दिवस टिकलं.

एका गोष्टीत मात्र मी कुणाला दाद दिली नाही. मी चहा पिते. आल्याचा, उकळलेला, आमच्या पद्धतीचा. या घरात सकाळ-संध्याकाळ फिल्टरमधून कॉफी गळत असते आणि तिच्या वासाला सगळे देवघरातल्या उदबत्तीचा मान देतात. मी बाजूच्या शेगडीवर माझं आधण ठेवते. मुलांनी तर कॉफीला हात लावायचा नाही, असा माझा दंडक. नवरा म्हणतो, "इथली पोरं दुधाच्या दातांपासून कॉफी पितात." मी म्हणते, पिवोत.

आमच्या सहलींना पैसे फारसे लागत नाहीत, कारण फारसे नसतातच. थोरलीच्या व्यायामाच्या बाई, औषधं आणि दर दोन-तीन वर्षांनी तोकडी पडणारी खुर्ची यांच्यातून उरेल त्यात रविवार बसवायचा. म्हणून आम्ही मेट्रोत बसतो. नुसतं शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि परत यायचं, हीसुद्धा आमची एक सहल आहे. लिफ्टने वर, लिफ्टने खाली, आणि डब्यात खुर्चीसाठी जागा. गाडी जमिनीखालून एकदम उजेडात आली की थोरली असं खिदळते की समोरचा माणूस मोबाइलमधून मान वर काढतो. रविवारी कब्बन पार्कातल्या रस्त्यांवर गाड्या नसतात, तिथे नवरा खुर्ची ढकलत पळतो आणि धाकटी मागून ओरडत. सर्जापूर रोडला माझा भाऊ राहतो, आयटीतला. तो एकदा मॉलमध्ये घेऊन गेला. तिथलं आम्हाला सगळ्यात काय आवडलं, तर स्वच्छतागृह. खुर्ची आत जाऊन सहज वळत होती. बाकी जे काही होतं ते काचेतून बघण्यासारखं होतं, ते आम्ही बघून आलो.

पण थोरलीचा लाडका रविवार म्हणजे लालबाग आणि मग बसवनगुडीतलं एक दर्शिनी हॉटेल. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल. गल्ल्यावर पैसे देऊन टोकन घ्यायचं, ते काउंटरवर द्यायचं, ताटली घ्यायची आणि उंच गोल टेबलाशी उभं राहून खायचं. खुर्च्या नाहीतच. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला धास्ती वाटली होती की हिला इथे कुठे बसवणार. मग लक्षात आलं की अख्ख्या हॉटेलात बसायला फक्त हिच्याकडे खुर्ची आहे. आजूबाजूला आजोबा, कॉलेजची मुलं, ऑफिसातले साहेब सगळे उभे, आणि मध्ये आमची राणीसाहेब बसलेली. टेबल तिच्या डोक्याच्या वर जातं, म्हणून आम्ही ताटल्या घेऊन बाहेर पायरीशी येतो आणि तिच्या उंचीला उकिडवे बसून खातो. तिला इडली कुस्करून देते मी. आणि बदाम दूध. पातळ काही प्यायली की तिला ठसका लागतो. बदाम दूध दाट, पौष्टिक, वरून पिवळंधमक. ते तिचं ठरलेलं होतं. कोणी ठरवलं, तर मी.

गेल्या वर्षी कधीतरी तिथे एक नवंच सुरू झालं. नवरा टोकन घ्यायला गल्ल्याकडे निघाला की थोरली दांड्यावर धपाधप मारायला लागायची. भूक लागली असेल म्हणून मी डब्यातलं काहीतरी भरवायला जायची, तर तोंड घट्ट मिटून घ्यायची. बाथरूमला जायचंय का, विचारलं. पाठ दुखते का, विचारलं. धाकटी नेहमीप्रमाणे दुभाष्या होती. "अक्काला उकडतंय." "अक्काला तो कुत्रा बघायचाय." अक्का तिच्याकडे असं बघायची की कुणीही गप्प झालं असतं, पण धाकटी तशी गप्प होणाऱ्यांतली नाही.

शेवटी एका रविवारी नवरा नुसता कंटाळून म्हणाला, "बा पुट्टी, माझ्याबरोबर चल." पुट्टी म्हणजे छोटी, दोघींनाही तो तशीच हाक मारतो. त्याने खुर्ची ढकलत गल्ल्यापर्यंत नेली. धपाधप थांबली. गल्ल्यावरच्या माणसाने खाली तिच्याकडे एकदा मायेने बघितलं आणि मग मान वर करून नवऱ्याला कन्नडमध्ये विचारलं, "हिला काय पाहिजे, सार?" आणि मी मागे उभी होते म्हणून मला तिचा चेहरा दिसला. तो माणूस बोलला तेव्हा तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

तेवढ्यात मला कळलं. तिला गल्ल्याशी जायचं होतं, कारण तिथे विचारतात. काय पाहिजे, हे जगातल्या प्रत्येकाला तिथे विचारतात. तिला काय पाहिजे ते मात्र आम्हाला विचारतात. डॉक्टर, रिक्षावाले, देवळातले भटजी, सगळे. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एकदा, फक्त एकदा कुणीतरी माझ्या लेकीकडे बघून तिला विचारावं आणि तिने सांगावं, एवढंच मला हवं होतं. आणि तिलाही तेच हवं होतं, ती माझ्या आधीपासून ते मागत होती.

तिच्या शाळेतल्या बाईंना सांगितलं. त्यांनी नवऱ्याच्या जुन्या फोनवर एक सोय करून दिली. पडद्यावर मोठी मोठी चित्रं, आणि चित्राला बोट लावलं की आपण भरून ठेवलेला आवाज बोलतो. मी हरखून गेले. एक अख्खी दुपार खोलीचं दार लावून मी माझा आवाज भरला. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली बाई मी, कसर कशाला सोडते! 'मला एक इडली द्या.' 'मला बदाम दूध हवं आहे.' 'धन्यवाद, काका.' उच्चार असे की आकाशवाणीने बोलावून घ्यावं. थोरलीने प्रत्येक चित्र दाबून बघितलं आणि माझाच आवाज माझ्याच तोंडावर ऐकवून खूप हसली.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं थाटात गल्ल्यापुढे उभे राहिलो. फोन खुर्चीच्या फळीवर पट्ट्याने बांधलेला. तिचा हात निघाला, वाटेत थरथरला, पोचला. फोन बोलला, "मला एक इडली द्या." गल्ल्यावरच्या माणसाने इकडे तिकडे बघितलं. मग पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगणारा त्याचा तो डबा उचलून कानाशी नेला. त्याला वाटलं, तो डबाच काहीतरी बडबडतोय. तिने पुन्हा दाबलं. मागची रांग चुळबुळायला लागली. "एनु बेकू, सार?" त्याने नवऱ्याला विचारलं, म्हणजे काय पाहिजे. आणि नवऱ्याच्या तोंडून सवयीने सगळं बाहेर पडलं, इडली, वडा, माझा चहा, बदाम दूध.

आता हे वाचणाऱ्या कुणालाही पहिल्या ओळीपासून कळलं असेल, पण आम्हा दोघांना ते परतीच्या मेट्रोत कळलं. बंगळुरातल्या हॉटेलात ऑर्डर द्यायची म्हणून मी लेकीला शुद्ध पुणेरी मराठी बोलायला लावलं होतं. घरात आम्ही मराठी बोलतो, सुखदुःखाचं सगळं मराठीत होतं, त्यामुळे हिचा आवाज मराठीतच असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. रस्त्यावर पाऊल ठेवलं की आम्ही सगळेच भाषा बदलतो, इतक्या सहज की तिलाही ती बदलावी लागेल हे सुचलंच नाही. नवरा हसायला लागला. मीही हसले असते. पण थोरलीने ते बदाम दूध तोंडाला लावू दिलं नव्हतं, आणि गाडी बोगद्यातून उजेडात आली तेव्हा तिने खिडकीकडे मानसुद्धा वळवली नाही.

सोमवारी पुन्हा आवाज भरायला बसलो. माझी कन्नड इतक्या वर्षांनंतरही रिक्षापुरती आहे, डावीकडे, उजवीकडे, थांबा. नवऱ्याने भरून बघितलं. थोरलीने चित्र दाबलं, आतून घोगरा बाप्या आवाज आला, आणि तिने जोरजोरात मान हलवली. सासूबाईंनी हौसेने भरलं. त्या आवाजात इडली मागताना नातवंडांची खुशालीही विचारतील असं वाटत होतं. तेही नको. मग थोरलीचा हात निघाला आणि धाकटीच्या दिशेने गेला.

"मी?" धाकटी म्हणाली. आणि अक्काची खुर्ची खोलीकडे ढकलायला लागली.

दोघी खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आत काय चाललंय ते मला दाराबाहेरून अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. धाकटी विचारत होती, "अक्का, हे? हे नको? मग हे?" प्रत्येक प्रश्नानंतर थांबत होती, कारण थोरलीच्या हो-नाहीला वेळ लागतो. मग दोघींचं खिदळणं. मी दार ढकलायला गेले तर सासूबाईंनी माझा हात धरला. "राहू दे गं," म्हणाल्या. "बहिणी-बहिणींचं चाललंय." बाहेर आल्यावर मी विचारलं, काय काय भरलंत? धाकटी म्हणाली, "अक्काने सांगू नको म्हटलंय." मी थोरलीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

तो रविवार ढगाळ होता. लालबागेत आम्ही नेहमीपेक्षा कमी थांबलो, कारण कुणाचंच लक्ष फुलांत नव्हतं. वाटेत मी धाकटीला बजावलं होतं, काही झालं तरी आज तू बोलायचं नाहीस. ती हॉटेलच्या पायरीपासूनच दोन्ही हात तोंडावर दाबून चालत होती. नवऱ्याचं ठरलं होतं की गल्ल्यावरच्या माणसाकडे बघायचंच नाही, म्हणजे त्याच्याशी बोलणं होणार नाही. तो भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बघत उभा होता, हात जोडायचे तेवढे बाकी होते.

रविवारची गर्दी. गल्ला उंच, आणि त्या दिवशी त्याच्यावर बरण्याही मांडल्या होत्या. खुर्चीत बसलेली थोरली पलीकडून दिसणं शक्यच नव्हतं. आमच्या पुढचा माणूस टोकन घेऊन गेला. थोरलीचा हात निघाला. एकदा घसरला, परत आला. मग फोनमधून धाकटीचा खणखणीत आवाज आला, तिची एक मारामारीची पट्टी आहे त्या पट्टीत:

"अंकल, इल्ली नोडी!"

म्हणजे काका, इकडे बघा. मी इतकी वाक्यं भरली होती, कृपया आणि धन्यवादसकट, पण हे मला सुचलं नव्हतं. गल्ल्यावरचा माणूस दचकला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. नवरा तसबिरीकडे. "अंकल, इल्ली नोडी!" तिने पुन्हा दाबलं. आणि पुन्हा. रांगेतलं कुणीतरी हसलं. तो माणूस स्टुलावरून उठला, बरण्या दोन्ही हातांनी बाजूला सारल्या, गल्ल्यावर ओणवा झाला आणि खाली बघितलं. थेट तिच्या डोळ्यांत.

"एनम्मा?" तो म्हणाला, म्हणजे काय गं अम्मा. इथे लहान मुलीलाही लाडाने अम्मा म्हणतात. "एनु बेकू?"

तिला विचारलं होतं. माझ्या लेकीला. माझे डोळे भरून आले आणि त्या धुक्यातून मी तिचा हात पडद्यावरून सरकताना बघत होते. इडलीच्या चित्रावरून गेला. बदाम दुधाच्या चित्रावर क्षणभर रेंगाळला, असं मला तरी वाटलं, आणि पुढे गेला.

"बाय टू कॉफी कोडी," फोन म्हणाला.

कोडी म्हणजे द्या, आणि बाय टू म्हणजे एकाच्या दोन, एक कॉफी दोन पेल्यांत वाटून. माझं तोंड उघडलंच. अगं कॉफी कसली, बदाम दूध, ठसका लागेल, तुला कुठे माहीत आहे कॉफी कशी लागते! हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मग मी नवऱ्याकडे बघितलं. तो तसबिरीत आणखी खोल गेला होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की आठवडाभर दुपारी मी भाजीला जाते तेव्हा सासूबाई आणि थोरली घरात दोघीच असतात, फिल्टरात कॉफी असते आणि चमचा नावाची वस्तूही घरात असते. मी तोंड मिटलं. इतकी वर्षं तिला विचारावं म्हणून जीव टाकायचा आणि तिने सांगितलं की म्हणायचं, हे नव्हे, दुसरं सांग?

गल्ल्यावरचा माणूस खुशीत आला होता. बाय टूमधली दुसरी कुणाला, असं त्याने विचारलं. याचं चित्र फोनमध्ये नव्हतं. धाकटीचे डोळे हातांच्या वर मोठे झाले. बोलण्यासाठी ती अक्षरशः पायांवर नाचत होती, पण बोलली नाही. थोरलीने फोन सोडला. हात उचलला. तो आपल्याच मर्जीने हवेत एक गिरकी घेऊन आला आणि माझ्या साडीच्या निऱ्यांवर येऊन थांबला.

"अम्मनिगा?" तो हसला. आईला का? आणि टोकन त्याने वाकून तिच्या हातात दिलं.

पुढचं थोडं फजितीचं झालं. आनंद झाला की थोरलीची मूठ आवळते आणि मग तिची तिलाही उघडता येत नाही. कॉफीच्या काउंटरवर टोकन द्यायचं, तर ते मुठीत. कॉफीवाला हात पुढे करून उभा. मागे लोक. मी नेहमी करते तसं तिची बोटं सोडवायला गेले, तर नवऱ्याने पहिल्यांदाच त्या तसबिरीवरून नजर काढली. "स्वल्प थांब," म्हणाला. मग आम्ही थांबलो. सगळेच थांबले. बोटं एकेक करून सैल झाली आणि चुरगळलेलं, घामेजलेलं टोकन काउंटरवर पडलं.

पायरीशी येऊन आम्ही उकिडवे बसलो. धाकटीचं तोंड एव्हाना धरणासारखं फुटलं होतं आणि ती तीच गोष्ट पहिल्यापासून बापाला सांगत होती, जणू तो तिथे नव्हताच. दोन छोटे पेले, फेसाळ, वाफाळलेले. मी थोरलीची कॉफी फुंकून गार केली. चमच्याने एकेक घोट द्यायला लागले. टॉवेल हनुवटीखाली धरला, मान सरळ केली, उशी वर सरकवली, ठसका लागतोय का त्याकडे कान दिला, एक ओघळ पुसला, दुसरा पुसला. ठसका लागला नाही. माझी कॉफी बाजूला तशीच.

तेवढ्यात फोन पुन्हा बोलला, "अंकल, इल्ली नोडी!"

धाकटी खो खो हसायला लागली. "आई, तुला अंकल म्हणतेय!" मी टॉवेल खाली घेतला. थोरलीचं बोट अजून पडद्यावरच होतं. आणखी काही मागायचं नव्हतं तिला. ती नुसती माझ्याकडे बघत होती, मिशीसारखा फेस ओठांवर घेऊन, आणि मग माझ्या बाजूला ठेवलेल्या पेल्याकडे.

मी पेला उचलला आणि तिच्याकडे बघत बघत माझ्या वाट्याची अर्धी कॉफी प्यायले.